स्टुडंट व्हिसा : ‘शिकून परत येणार’ हे कागदावर कसे दाखवायचे?

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातला आहे. २०२१ साली बेळगावातील एका महाविद्यालयातून व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) मेकॅनिकलची पदवी घेतली आणि तेव्हापासून उद्यमबाग या तिथल्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात नोकरी करतो. मेलबर्नमधील एका विद्यापीठाकडून मटेरियल्स इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी ऑफर लेटर आले आहे आणि आता व्हिसाचा अर्ज भरायचा आहे.

ज्या कन्सल्टंटमार्फत हे काम चालू आहे त्यांनी मला एक तयार मसुदा दिला. ‘शिक्षण पूर्ण होताच मी मातृभूमीच्या सेवेसाठी परत येईन, ऑस्ट्रेलियात राहण्याचा माझा कोणताही विचार नाही’ अशा आशयाची दोन पाने त्यात आहेत. माझे नाव आणि अभ्यासक्रम सोडला तर त्यात माझे असे काहीच नाही. शिवाय माझा सख्खा चुलतभाऊ २०१६ पासून मेलबर्नमध्ये असून तिथे कायमचा रहिवासी झालेला आहे. त्याचा उल्लेख कुठेही करू नये, असा त्यांचा सल्ला आहे.

घरी आई-वडील, धाकटी बहीण आणि साडेचार एकर जमीन आहे. निम्म्यात भात, निम्म्यात ऊस. जमीन अजून दिवंगत आजोबांच्याच नावावर आहे, कारण वडील आणि काका यांची वाटणी झालेली नाही. पैशांपैकी काही रक्कम गावाकडच्या पतसंस्थेत ठेव म्हणून आहे, उरलेले कर्ज काढायचे आहे.

माझी अडचण अशी की पुढे काय होईल हे मी आजच छातीठोकपणे सांगू शकत नाही. अभ्यासक्रमानंतर तिथे काही काळ काम करण्याची परवानगी मिळाली तर मी नाही म्हणणार नाही. पण वडिलांचे वय पाहता कायमचे तिकडे राहणेही मला पटत नाही. असे असताना ‘परत येणारच’ हे सिद्ध कसे करायचे, आणि ते खोटे न बोलता कसे करायचे, हे ज्यांनी या वाटेने प्रवास केला आहे त्यांनी कृपया सांगावे.

टिळकवाडी_ते_ॲडलेड

मी गेल्या वर्षी याच सबक्लास ५०० व्हिसावर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या स्टुडंट व्हिसावर, येथे आलो, म्हणून आधी एक गैरसमज दूर करतो. आपल्या कन्सल्टंटने दिलेला मसुदा जुन्या नियमाच्या काळातला दिसतो. नोव्हेंबर २०११ पासून ऑस्ट्रेलियात ‘जेन्युइन टेम्पररी एंट्रंट’ नावाची अट होती आणि तिच्यात अर्जदाराचा मुक्काम खरोखरच तात्पुरता असणार आहे का, हे पाहिले जात असे. २३ मार्च २०२४ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना ती अट लागू नाही. तिच्या जागी ‘जेन्युइन स्टुडंट’ ही अट आली. म्हणजे ‘तू परत जाणार का?’ याऐवजी ‘तू खरोखर शिकायला येतो आहेस का?’ हा मुख्य प्रश्न झाला. शिक्षणानंतर एखाद्याला नियमाप्रमाणे तिथे काम करण्याचा किंवा पुढे कायम राहण्याचा मार्ग मिळू शकतो, हे त्या सरकारने स्वतःच मान्य केले आहे. त्यामुळे ‘माझा राहण्याचा कोणताही विचार नाही’ अशी शपथ आपल्याकडून कोणी मागितलेलीच नाही, आणि न मागितलेली शपथ घेणारा माणूस संशयास्पदच वाटतो.

दोन पानांचे निवेदनही आता लागत नाही. ऑनलाइन अर्जातच चार प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर इंग्रजीत, जास्तीत जास्त १५० शब्दांत लिहायचे असते. आपली सध्याची परिस्थिती, म्हणजे कुटुंब, समाज, नोकरी आणि आर्थिक स्थिती कशी आहे. हाच अभ्यासक्रम, ऑस्ट्रेलियातच आणि याच विद्यापीठात का. त्याचा आपल्याला उपयोग काय. आणि आणखी काही सांगायचे आहे का. पूर्वी तिथला स्टुडंट व्हिसा असलेल्यांना किंवा तिथूनच दुसऱ्या व्हिसावरून अर्ज करणाऱ्यांना आणखी एक प्रश्न येतो, तो आपल्याला लागू नाही. याचा अर्थ घरच्या बंधांना किंमत उरली नाही असा नव्हे. पहिला प्रश्नच त्यांच्याविषयी आहे. फक्त ते आता एकूण चित्राचा एक भाग आहेत.

आता १५० शब्दांत काय लिहावे याविषयी माझा अनुभव. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘जागतिक दर्जाचे शिक्षण’, ‘बहुसांस्कृतिक वातावरण’ असली वाक्ये होती. माझ्या बहिणीने ती वाचून विचारले, “यातले कोणते वाक्य शेजारच्या मुलाच्या अर्जात चालणार नाही?” एकही नव्हते. ती सगळी काढून टाकली. आपल्याजवळ तर फाउंड्रीतली चार वर्षे आहेत. आपण ज्या कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, तपासणी करता त्यात ब्लोहोलमुळे (वायूने पडलेल्या पोकळीमुळे) किंवा श्रिंकेजमुळे (धातू आकसल्यामुळे) किती रिजेक्शन येते, ते शोधायला आज आपल्याकडे कोणती साधने नाहीत, आणि त्या अभ्यासक्रमातले नेमके कोणते दोन विषय त्या उणिवेवर बोट ठेवतात, एवढे लिहिले तरी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. अभ्यासक्रमाच्या पानावर विषयांची यादी असते. ती वाचून विषयांची नावे लिहा. असाच अभ्यासक्रम भारतात आहे का, असल्यास तो का निवडला नाही, हेही मोकळेपणाने सांगा. भारतातील संस्थांना नावे ठेवू नका. आपल्या गरजेला काय जुळत नाही तेवढेच सांगा.

तिसऱ्या प्रश्नासाठी बेळगाव हे स्वतःच उत्तर आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने, हत्तरगीचे विमानभागांचे औद्योगिक क्षेत्र, आणि दोनेक तासांच्या वाटेवर कोल्हापूरची फाउंड्री वसाहत, असा सगळा पट्टा असताना या पदवीला इकडे काम मिळेल हे सांगायला कल्पनाशक्ती लागत नाही. ज्या पदासाठी आपण परतल्यावर पात्र ठराल त्याच्या दोन-तीन खऱ्या जाहिराती पगारासह जोडल्या तर ते नुसत्या वाक्यापेक्षा जड पडते. पुराव्याशिवाय केलेल्या सर्वसाधारण विधानांना फारसे वजन दिले जात नाही, असे व्हिसा विभागाने आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेले आहे.

चुलतभावाविषयी माझे मत ठाम आहे. जिथे विचारले आहे तिथे लिहा. भाऊ तिथे असणे हा गुन्हा नाही, लपवणे मात्र अंगाशी येते. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती आढळली तर ‘पीआयसी ४०२०’ या कलमाखाली अर्ज फेटाळला जातो आणि बहुतेक प्रकारच्या व्हिसांसाठी तीन वर्षे दार बंद होते. ती माहिती कन्सल्टंटने भरली होती, ही सबब चालत नाही. अर्ज आपला असतो.

शहापूरचा_निवृत्त_बँकवाला

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली आणि त्यातली बरीच कर्ज विभागात, म्हणून पैशांच्या बाजूबद्दलच लिहितो. हेतूचा पुरावा आणि पैशांचा पुरावा वेगळे आहेत असे मुलांना वाटते, पण तपासणाऱ्याच्या दृष्टीने ते एकच असतात. ज्याच्याजवळ शिकण्यापुरते पैसे नाहीत तो शिकायला नव्हे, कमवायला येत असावा, असा तर्क तिथला अधिकारी करणारच. वर्ग चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येते, हे त्यालाही ठाऊक असते.

१० मे २०२४ पासून एकट्या विद्यार्थ्यासाठी वर्षाच्या राहणीखर्चाची रक्कम २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर धरली जाते. त्यात पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासाचे साधारण २,००० डॉलर मिळवा. एवढी रक्कम खरोखर आपल्या हाती येऊ शकते, हे दाखवायचे असते.

आपल्या भागात इथेच पहिली ठेच लागते. पतसंस्थेतील ठेव आपल्याला बँकेतल्या ठेवीसारखीच वाटते, किंबहुना गावात तिच्यावरच जास्त विश्वास असतो. पण ऑस्ट्रेलियाच्या नियमांत जी ‘वित्तीय संस्था’ अभिप्रेत आहे ती त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नियंत्रणाखाली ठेवी घेणारी आणि कर्ज देणारी संस्था असावी लागते. आपल्या पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था राज्याच्या सहकार कायद्यांखाली चालतात, रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर नव्हे. नागरी सहकारी बँकेची गोष्ट वेगळी, तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो. म्हणून पतसंस्थेतील ठेव मुदत संपल्यावर, घाई न करता, राष्ट्रीयीकृत किंवा अन्य परवानाधारक बँकेत आणावी, आणि ती कुठून आली हे दाखवणारी पावती व पतसंस्थेचे पत्र जपून ठेवावे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम उगवली आणि तिचे मूळ सांगता आले नाही, तर ती नसल्यापेक्षा वाईट.

दुसरी ठेच शेतीच्या उत्पन्नाची. प्राप्तिकर कायद्यात शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने वडिलांच्या विवरणपत्रात आकडा लहान दिसतो किंवा विवरणपत्रच नसते. परदेशातल्या अधिकाऱ्याला हे कोणी समजावून सांगितले नाही तर तो ‘उत्पन्न नाही’ असेच वाचणार. यावर उपाय सोपा आहे. साखर कारखान्याकडून जमा झालेली तीन हंगामांची ऊसबिले आणि त्या नोंदी असलेले बँकेचे पासबुक एकत्र लावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडा, आणि एका परिच्छेदात सांगा की भारतात शेती उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. चार्टर्ड अकाउंटंटचे मालमत्ता प्रमाणपत्र घेणार असाल तर त्यावर यूडीआयएन, म्हणजे प्रमाणपत्राची ऑनलाइन पडताळणी करता येणारा क्रमांक, आहे ना ते पाहा. त्याशिवायचे प्रमाणपत्र आज कोणी गांभीर्याने घेत नाही. मात्र जमिनीची किंमत कितीही मोठी असली तरी ती फीसाठीची रोकड नव्हे. जमिनीतून गावाशी असलेली मुळे दिसतात, पैसा दिसत नाही.

तिसरी गोष्ट कर्जाची. शेतजमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज मिळेल असे समजून बरेच पालक येत असत. बँकेला तारण जप्त करून विकण्याचा अधिकार देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून वसुलीच्या भीतीने बँका ती तारण घ्यायला सहसा तयार नसतात. बिनशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव मागतात. हे आजच बँकेत जाऊन विचारा. कर्ज मंजुरीच्या पत्रात विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि रक्कम स्पष्ट असावी.

चिक्कोडीची_अनुवादक

मी कन्नड आणि मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर करते, त्यामुळे अशा फायली माझ्यासमोर रोज येतात. आपल्या सीमाभागातल्या मुलांची एक वेगळीच गंमत असते. शाळेचा दाखला मराठीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, पदवी इंग्रजीत, आणि तिन्ही ठिकाणी नावाचे स्पेलिंग वेगळे. मराठी नाव कन्नड लिपीत जाते आणि तिथून पुन्हा इंग्रजीत येते, तेव्हा ‘चव्हाण’चे काय काय होते ते मी पाहिले आहे. गावाचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्याआधीच्या दाखल्यांवर बेळगाम, पासपोर्टवर बेळगावी. अधिकाऱ्याला ही दोन वेगळी गावे वाटू शकतात. एक साधे प्रतिज्ञापत्र आणि एका ओळीचे स्पष्टीकरण पुरते, पण ते आधीच जोडावे, विचारणा आल्यावर नव्हे.

ऑस्ट्रेलियाबाहेर केलेल्या भाषांतरासाठी अनुवादक तिथल्या संस्थेचा मान्यताप्राप्त असावाच असे नाही. परंतु भाषांतरावर अनुवादकाचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि त्या भाषेतील पात्रता व अनुभव लिहिलेला असला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी नुसता गोल शिक्का मारून देतात, त्याचा उपयोग नाही. मूळ कन्नड प्रतही सोबत जोडावी लागते.

आता आजोबांच्या नावावरची जमीन. ही तर घरोघरची गोष्ट आहे, लाजण्यासारखे काही नाही. शक्य असेल तर वारसा नोंद, म्हणजे कचेरीत ज्याला पौती म्हणतात, ती करून घ्या. पण काका-वडिलांची वाटणी व्हिसासाठी घाईने करायला लावू नका, त्यातून घरात जे होते ते व्हिसा नाकारण्याहून वाईट असते. नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) वंशवृक्षाचा दाखला काढा आणि आजोबांचा मृत्यू दाखला जोडा. उतारा, वंशवृक्ष आणि मृत्यू दाखला हे तीन कागद एकापुढे एक ठेवले की नातू त्या जमिनीशी कसा बांधलेला आहे हे कोणालाही वाचता येते. आणि ‘माझी साडेचार एकर जमीन आहे’ असे लिहू नका. ‘आमच्या कुटुंबाची अविभक्त जमीन आहे, तिच्यात माझ्या वडिलांचा हिस्सा आहे’ असे लिहा. उताऱ्यावर जे नाही ते उत्तरात आले की विसंगती झाली.

निपाणीकर

वरील सल्ले मोलाचे आहेत. मी उलट बाजूने लिहितो, कारण माझा अर्ज जुन्या नियमाखाली, २०२३ साली, नाकारला गेला आहे. बी.कॉम. झाल्यावर पाच वर्षे मी वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत काम केले आणि मग एका एजंटच्या सांगण्यावरून लीडरशिप अँड मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला अर्ज केला, कारण त्याची फी कमी होती. निवेदन एजंटने लिहिले होते. आपल्या मसुद्यातली ‘मातृभूमीची सेवा’ माझ्याही निवेदनात होती, तेव्हा ती बहुधा एकाच कारखान्यातून निघते.

निर्णयपत्रात माझ्या देशप्रेमावर एक अक्षरही नव्हते. पदवीधर माणूस पाच वर्षांनी पदवीपेक्षा खालच्या पातळीचा अभ्यासक्रम का घेतो आणि घरच्या धंद्यात त्याने काय बदलणार आहे, हे अर्जातून समजत नाही, असे लिहिले होते. खरे सांगतो, ते मलाही समजले नव्हते. वखारीत माझा पगार नव्हता, घरातला मुलगा म्हणून लागेल तेव्हा पैसे घेत असे. त्यामुळे पाच वर्षे काम करूनही कागदावर मी रिकामटेकडा होतो. मलप्रभाकाठ, आपला पगार बँकेत जमा होत असेल आणि पीएफ कापला जात असेल तर ते पासबुक आणि फॉर्म १६ हे आपले सर्वांत मोठे भांडवल आहे. सुरुवातीचे काही महिने रोखीने पगार मिळाला असेल तर मालकांकडून तसे पत्र घ्या, पण तारखा फुगवू नका.

देशाबाहेरून अर्ज करणाऱ्याला अशा नकारावर अपील नसते. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. आणि १ जुलै २०२५ पासून ती फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आहे. शिवाय पुढे कोणत्याही देशाचा अर्ज भरताना ‘पूर्वी व्हिसा नाकारला होता का’ हा रकाना मला आयुष्यभर भरायचा आहे.

सांबरा_विमानतळाजवळ

एक शंका मांडतो. ‘परतण्याचे सिद्ध करायची गरज नाही’ असा अर्थ इथे वाचणाऱ्या इतर मुलांनी काढू नये. ऑस्ट्रेलियाचा नियम बदलला म्हणून सगळीकडचा बदलला नाही. माझी भाची अमेरिकेच्या एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसाच्या मुलाखतीला गेली होती, तिथे कायदाच वेगळा आहे. कलम २१४(ब) प्रमाणे प्रत्येक अर्जदार कायमचा राहायला येतो आहे असे आधीच गृहीत धरले जाते आणि ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. आणि हे सगळे खिडकीपाशी दोन-तीन मिनिटांत. तिने फाईल भरून कागद नेले होते, अधिकाऱ्याने एकही पाहिला नाही, फक्त ‘हे विद्यापीठ का आणि नंतर काय’ एवढेच विचारले. कॅनडात नियमाप्रमाणे मुदत संपल्यावर देश सोडाल याची खात्री अधिकाऱ्याला पटावी लागते, पण पुढे कायम राहण्याची इच्छा असणे हेच केवळ नाकारण्याचे कारण होत नाही, असेही तिथल्या कायद्यात आहे. तेव्हा एका देशासाठी लिहिलेली उत्तरे दुसऱ्या देशाच्या अर्जात चिकटवू नयेत.

टिळकवाडी_ते_ॲडलेड

मान्य. माझे सर्व म्हणणे ऑस्ट्रेलियापुरतेच आहे. तिथेही व्हिसा तात्पुरताच असतो आणि त्याच्या अटी पाळाव्याच लागतात, एवढे जोडतो.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री तो मसुदा बाजूला ठेवून मी पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः लिहायला बसलो आणि १५० शब्दांत आई-वडील, जमीन, नोकरी आणि मेलबर्नचा दादा हे सगळे बसवताना घाम फुटला. दादाचे वाक्य असे लिहिले आहे : ‘माझा चुलतभाऊ २०१६ पासून मेलबर्नमध्ये राहतो, पहिला महिना मी त्याच्याकडे राहीन, त्यानंतर विद्यापीठाजवळ भाड्याने खोली घेईन.’ शेवटच्या प्रश्नात पुढच्या बेताविषयी लिहिले की पदवीनंतर नियमाने मुभा असल्यास एक-दोन वर्षे तिथल्या फाउंड्रीत अनुभव घ्यायला आवडेल आणि नंतर बेळगावातच या क्षेत्रात काम करायचे आहे. हे चालेल का? आणि दादाकडे राहणार म्हणून राहणीखर्चाची रक्कम कमी दाखवता येईल का?

मालकांनी पत्र द्यायचे कबूल केले आहे. परतल्यावर नोकरी देऊच असे ते लिहायला तयार नाहीत, ‘अर्ज केल्यास विचार करू’ एवढेच म्हणतात.

शहापूरचा_निवृत्त_बँकवाला

रक्कम पूर्ण २९,७१० धरूनच तयारी करा, भावाच्या घरावर हिशेब बेतू नका. मालकांनी जेवढे खरे तेवढेच लिहिले तर उत्तम. हुद्दा, पगार, रुजू झाल्याची तारीख आणि कामाचे स्वरूप त्यात येऊ द्या, आणि खाली कोणाला फोन करून खातरजमा करता येईल ते नाव. नोकरीची हमी देणारी पत्रे मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, आणि फोन केल्यावर ती हमी कोणालाच आठवत नाही.

टिळकवाडी_ते_ॲडलेड

दादाचे वाक्य जसे आहे तसेच राहू द्या. पुढच्या बेताच्या वाक्यात ‘या क्षेत्रात काम’ काढून नेमके पद लिहा. आपण क्वालिटीत आहात, तर पुढे मेथड्स इंजिनिअर (ओतकामाची पद्धत आखणारा) की प्रोसेस इंजिनिअर (उत्पादनप्रक्रिया सांभाळणारा), ते ठरवा.

चिक्कोडीची_अनुवादक

उतारा काढायला जाल तेव्हा सर्व्हे नंबराबरोबर हिस्सा नंबरही घेऊन जा. मागच्या महिन्यात एका मुलाने भाषांतरासाठी उतारा पाठवला, मी पूर्ण भाषांतर करून दिले, आणि वडिलांचे नाव जुळेना म्हणून चौकशी केली तेव्हा तो बांधाशेजारच्यांचा निघाला.